अर्धी क्लिप आणि पूर्ण कार्यक्रम

टीव्हीवरचे कार्यक्रम घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचे, जाहिराती कापायच्या, फाइलची साइज कमी करायची आणि नाव-तारीख टाकून ठेवून द्यायचं, हा उद्योग मी बरीच वर्षं करतो. कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावात अशा छंदाला लोक रिकामटेकडेपणा म्हणतात. “सगळं यूट्यूबवर असतं, तुम्ही कशाला हार्डडिस्क भरता?” हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की एकदा सविस्तर उत्तर लिहून टाकावं म्हटलं.

सुरुवात साधी होती. कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलं, केबलची वायर थेट त्यात लावली आणि रेकॉर्डिंग सुरू. रमजानच्या रात्री ईटीव्ही उर्दूवर मुशायरे लागायचे. अम्मीला ते पाहायचे असायचे, पण तरावीह आणि सहरीच्या स्वयंपाकात वेळ जमायचा नाही. सह्याद्रीवर एखाद्या लेखकाची मुलाखत किंवा गझलेचा कार्यक्रम असला की तो मला हवा असायचा, आणि नेमकी तेव्हाच लाइट जायची. मराठवाड्यातलं लोडशेडिंग ज्यांनी काढलंय त्यांना जास्त सांगायला नको. त्यामुळे पहिली खरेदी कॉम्प्युटरची आणि दुसरी यूपीएसची. पुढे केबल डिजिटल झाली. देशभरातली शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती. मग ट्यूनर कार्ड निरुपयोगी झालं. सेटटॉप बॉक्सच्या मागच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांमधून वायर काढून यूएसबीच्या छोट्या कॅप्चर डब्बीत घातली, आणि काम पुन्हा चालू झालं.

या कामात खरी अडचण जागेची असते. आपल्याकडचं जुनं टीव्हीचं चित्र म्हणजे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चित्रं. हे जसंच्या तसं साठवायचं म्हटलं तर एका तासाला साधारण ७५ जीबी लागतात. डीव्हीडीसारख्या एमपेग-२ प्रकारात तोच तास पावणेतीन जीबीच्या आसपास बसतो. एच.२६४ मध्ये नीट बसवला तर सातशे एमबीच्या आत येतो, आणि पाहणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही.

हे होतं कसं? सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र पूर्ण ठेवत नाही. एक चित्र पूर्ण ठेवतं, त्याला कीफ्रेम म्हणतात. त्याच्या पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं नोंदवतं. निवेदक बसलाय, मागचा पडदा तोच आहे, हललेत ते फक्त ओठ आणि हात. मग पडदा पुन्हा पुन्हा कशाला लिहायचा? एमपेग-२ मध्ये साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र येतं. एच.२६४ मध्ये दोन पूर्ण चित्रांमधलं अंतर दहा सेकंदांपर्यंतही जातं.

याचा कापण्याशी थेट संबंध आहे. अ‍ॅव्हिडीमक्ससारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल नव्याने एन्कोड न करता कापायची असेल, तर मनाला येईल तिथून सुरुवात करता येत नाही. मधलंच चित्र पकडलं तर पडद्यावर राखाडी चौकोन येतात, कारण त्या चित्राकडे स्वतःचं असं पूर्ण काही नसतंच. मागे जाऊन कीफ्रेम शोधावी लागते आणि तिथून कापावं लागतं. म्हणजे हवं ते वाक्य सुरू होण्याआधीचे दोन-चार सेकंद आपोआप सोबत येतात. सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. २०२० साली मात्र या आधीच्या सेकंदांची किंमत कळली.

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली आणि आठवडाभरातच दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली. त्यानंतरचे दिवस आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. संध्याकाळी सहा ते रात्री दहा, एकामागून एक चर्चा, आणि प्रत्येकीत आरोपी एकच. गावात ओळखीची माणसंही चार हात लांबून बोलायला लागली. सगळ्यांच्याच बाबतीत ती फक्त आजाराची भीती नव्हती. घरात बसून करायला दुसरं काही नव्हतं. मी रोज संध्याकाळी रेकॉर्डिंग लावून ठेवायचो.

तेव्हा नांदेडला शिकणारा माझा भाचा टाळेबंदीमुळे आमच्याकडेच अडकला होता. एका रात्री एका वाहिनीवरची चर्चा आम्ही सोबत पाहिली. निवेदकाच्या तोंडून एक वाक्य आलं, आपल्या समाजाबद्दल, ऐकून अंगाचा तिळपापड व्हावा असं. भाचा उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

“मामू, इत्ताच काटके देव. बाकी का नक्को.”

फक्त तेवढं वाक्य. नऊ सेकंद. त्याला ते रात्रीच ग्रुपवर टाकायचं होतं.

मी फाइल उघडली आणि मागे गेलो. तर ते वाक्य निवेदकाचं नव्हतंच. आधीच्या ब्रेकपूर्वी एका राजकीय प्रवक्त्याने ते म्हटलं होतं. निवेदक ते वाचून दाखवत होता आणि त्यानंतर, “हे म्हणणं तुम्हाला मान्य आहे का?” असं दुसऱ्या पाहुण्याला विचारत होता. निवेदक काही साधुसंत नव्हता. त्याच कार्यक्रमात त्याने एका मौलानांना सात वेळा मध्येच तोडलं होतं. ते मी मोजलं, कारण माझ्याकडे पूर्ण फाइल होती. पण ते एक वाक्य त्याचं नव्हतं, आणि नऊ सेकंदांच्या क्लिपमध्ये ते त्याचंच झालं असतं.

गंमत म्हणजे त्याच कार्यक्रमाची दुसरी एक क्लिप दुसऱ्या दिवशी सकाळी फिरत होती. तिच्यात ते मौलाना हात उंचावून ओरडत होते. अठरा-वीस सेकंद, बस्स. ज्यांनी कार्यक्रम पाहिला नव्हता त्यांना वाटावं, हा माणूस कायदा मानायलाच तयार नाही. माझ्या फाइलमध्ये अकराव्या मिनिटाला हेच मौलाना शांतपणे सांगत होते की जे कुणी तिथे जाऊन आलेत त्यांनी स्वतःहून पुढे येऊन तपासणी करून घ्यावी, लपवणं हा गुन्हा आहे आणि गुनाहही. ओरडणं आलं चाळिसाव्या मिनिटानंतर, सातव्यांदा तोडल्यावर.

भाच्याचं म्हणणं होतं, ते अर्धं कापतात तर आपण का नाही? हा प्रश्न रागातून आला होता, पण तो रागातच सोडून देण्यासारखा नव्हता. मी त्याला त्या माणसाची गोष्ट आठवून दिली जी आपल्याकडे मदरशातल्या लहान पोरालाही माहीत असते. हा माणूस म्हणे लोकांना सांगत फिरायचा की कुरआनातच नमाजच्या जवळ जाऊ नका असं लिहिलंय. आयत खरी, शब्द खरे. फक्त नशेत असताना, ही पुढची अट त्याने गिळलेली. सांगितलेल्यात एकही शब्द खोटा नाही आणि तरी सगळं खोटं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हदीसच्या विद्वानांपुढे हा प्रश्न आठशे वर्षांपूर्वीही होता. लांब हदीसचा तुकडा सांगावा की नाही? इमाम बुखारी स्वतः एकच हदीस तोडून वेगवेगळ्या प्रकरणांत देतात, तेव्हा सरसकट मनाई करणं शक्य नव्हतं. तेराव्या शतकात दमास्कसमध्ये शिकवणाऱ्या इब्न अस-सलाह यांनी हदीसशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात यावरची मतं नोंदवली आहेत. त्यातून निघणारा व्यवहारातला नियम सोपा आहे. जाणकार माणसाने तुकडा सांगायला हरकत नाही, पण सोडलेल्या भागावर ठेवलेल्या भागाचा अर्थ अवलंबून असेल तर तो सोडायचा नाही. अट कापायची नाही, अपवाद कापायचा नाही. कोण म्हणालं, कुणाकडून ऐकलं, ती साखळीही सोडायची नाही. आमच्या त्या नऊ सेकंदांत नेमकी साखळीच गळत होती.

शेवटी मी भाच्याला दोन मिनिटं चाळीस सेकंदांची क्लिप करून दिली. प्रवक्त्याचं मूळ वाक्य, निवेदकाने ते वाचणं, पाहुण्याचं उत्तर आणि मौलानांना तोडलं गेलं ती जागा. मधला ब्रेक काढला, पण तिथे तीन सेकंद काळी पट्टी ठेवून “येथे जाहिराती होत्या” असं लिहिलं. भाच्याने तोंड वाकडं केलं. ग्रुपवर ती फारशी चाललीही नाही. “बहुत लंबी है” असा एक शेरा आला. मात्र हिंगोलीच्या एका शिक्षक मित्राने ती पाहिली आणि पूर्ण कार्यक्रम मागितला. नंतर तो माझ्याशी फोनवर तासभर भांडला. कित्येक मुद्द्यांवर आमचं आजही जमत नाही. पण आम्ही दोघंही एकच कार्यक्रम पाहून भांडत होतो, आणि त्या महिन्यात ही फार दुर्मीळ गोष्ट होती.

त्या वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. हे नागरिक मरकजला जाऊन आले होते आणि त्यांच्यावर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल होते. निकालात न्यायमूर्तींनी वर्तमानपत्रं आणि टीव्हीवरून झालेल्या मोठ्या प्रचाराचा स्पष्ट उल्लेख केला, आणि या लोकांना बळीचा बकरा बनवलं गेल्याची शक्यता नोंदवली. आमचा हिंगोली जिल्हाही याच खंडपीठाच्या कक्षेत येतो. पुढे जून २०२१ मध्ये वृत्तवाहिन्यांच्याच न्यूज ब्रॉडकास्टिंग स्टँडर्ड्स अथॉरिटीने मरकजवरच्या कार्यक्रमांसाठी दोन कन्नड वाहिन्यांना दंड केला. त्यामागे नागरिकांच्या तक्रारी होत्या.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. वाहिनीने दाखवलेला मजकूर ९० दिवस जपून ठेवायचं बंधन तिच्यावर असतं. त्यानंतर तो ठेवायचा की नाही, तिची मर्जी. तक्रार करायची तर आधी वाहिनीकडेच करावी लागते, तीही प्रसारणापासून सात दिवसांच्या आत. त्यासाठी वाहिनी, कार्यक्रम, तारीख, वेळ आणि नेमके शब्द लागतात. “परवा रात्री एका चॅनलवर काहीतरी बोलले” एवढ्यावर कुणी कागद पुढे सरकवत नाही. यूट्यूबवरचा भाग वाहिनीने काढला किंवा बदलला की लिंक मेली. तीन महिन्यांनंतर घरातल्या हार्डडिस्कवर असेल तेवढंच आपल्या हातात उरतं.

म्हणून ती फाइल नीट असली पाहिजे. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगतो.

रेकॉर्डिंग एमपेग-२ मध्ये किंवा एमकेव्हीमध्ये करावं, थेट एमपी४ मध्ये नको. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली आणि यूपीएसने मान टाकली की तासाभराची अख्खी फाइल उघडतच नाही. एमपेग-२ मध्ये लाइट गेली तिथपर्यंतचं तरी हाताला लागतं.

टीव्हीचं जुन्या पद्धतीचं चित्र दोन अर्ध्यांचं असतं, एकदा विषम ओळी, एकदा सम. कॉम्प्युटरवर ते पाहताना हलणाऱ्या हाताला कंगव्याचे दात फुटल्यासारखे दिसतात. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस चालू केलं की ते जातं. हे आधी करायचं, साइज कमी करणं त्यानंतर.

साइज कमी करताना हात आखडता घ्यावा. चेहरा बऱ्यापैकी टिकतो, पण खालच्या पट्टीतली अक्षरं आधी जातात. त्यातही आपल्या देवनागरीचं नुकसान जास्त. पहिल्यांदा अनुस्वार पुसतो, मग वेलांटी, मग जोडाक्षर. आणि वृत्तवाहिन्यांच्या मथळ्यात सगळ्यात महत्त्वाचं एक चिन्ह असतं, प्रश्नचिन्ह. भयंकर आरोप करायचा आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकायचं, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर “आम्ही फक्त प्रश्न विचारला” म्हणता येतं. बिटरेट फार उतरवला तर त्या प्रश्नचिन्हाचा नुसता डाग होतो. मग आपल्या फाइलमध्ये तो मथळा ठाम विधान दिसतो. वाहिनीने जे लिहिलं त्यापेक्षा वाईट आपण लिहिलं असं होतं. मी म्हणून तासाला सातशे एमबीच्या फार खाली जात नाही आणि काम झाल्यावर पट्टी एकदा थांबवून वाचून पाहतो.

जाहिराती कापाव्यात का? मुशायरा असो, मालिका असो, खुशाल कापा. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती असू शकतात, म्हणजे पाचवा हिस्सा जागा वाचते. बातम्यांच्या चर्चेत मात्र ब्रेक कुठे घेतला, कुणाच्या वाक्यावर घेतला, यालाही अर्थ असतो. तिथे मूळ फाइल आधी तशीच दुसऱ्या डिस्कवर ठेवतो आणि कापाकापी नकलेवर करतो. फाइलच्या नावात वाहिनी, तारीख, वेळ. नकलेच्या नावात “कापलेली” हा शब्द.

कायद्याचंही थोडं. स्वतःच्या खाजगी वापरासाठी, किंवा खऱ्याखुऱ्या अभ्यासासाठी आणि शिकवण्यासाठी प्रसारण रेकॉर्ड करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. समीक्षेसाठी उचित तेवढा भाग वापरायलाही आहे. पूर्ण कार्यक्रम आपल्या चॅनलवर चढवणं ही वेगळी गोष्ट, ती करू नये. प्रसारणावरचा वाहिनीचा हक्क २५ वर्षं असतो.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी हेच काम आयुष्यभर केलं. आधी त्या ग्रंथपाल होत्या. १९७९ साली तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीत लोकांना ओलीस धरलं गेलं, तेव्हापासून त्यांनी बातम्यांच्या वाहिन्या दिवसरात्र टेपवर घ्यायला सुरुवात केली. इराणबद्दल पहिल्या दिवशी काय सांगितलं गेलं आणि ती गोष्ट नंतर कशी बदलत गेली, हे त्यांना पाहायचं होतं. डिसेंबर २०१२ मध्ये त्या वारल्या तोवर ७० हजारांच्या आसपास टेपा जमल्या होत्या. त्या पुढे इंटरनेट आर्काइव्हकडे गेल्या. त्यांनाही शेजारीपाजारी वेडंच समजत असणार.

मोठमोठ्या संस्थांनीही हे वेड पुरेसं जपलेलं नाही. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ सारख्या आपल्या गाजलेल्या मालिकेच्या टेपा पुसल्या, तिचे नव्वदहून अधिक भाग हरवले. आपल्या दूरदर्शनवरही टेप महाग म्हणून जुन्या कार्यक्रमावर नवा कार्यक्रम घेतला जायचा. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. यू. म. पठाण होते. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तेव्हा टीव्हीने यातलं जे काही दाखवलं असेल, ते आज आपल्यापैकी कुणाच्या घरी आहे?

हा प्रश्न मला जास्त छळतो. माझ्या डिस्कवर ‘२०२०’ नावाचं फोल्डर भरगच्च आहे, आणि त्यात आपल्यावर ओरडणारी माणसं आहेत. ते हवंच. पण उद्या भाच्याच्या मुलांनी ही डिस्क उघडली आणि एवढंच पाहिलं, तर मराठी मुसलमान म्हणजे चर्चेच्या चौकटीत कोपऱ्यात बसून उत्तरं देणारा माणूस, एवढंच त्यांना कळेल. त्यांना इलाही जमादार गझल वाचताना दिसायला हवेत. ईदच्या दिवशी सह्याद्रीच्या कॅमेऱ्यासमोर शेवयांचा खुर्मा करून दाखवणारी आणि अस्सल मराठवाडी मराठीत बोलणारी बाईही दिसायला हवी. हे कार्यक्रम भांडणाचे नसतात म्हणून ते कुणी क्लिप करून पाठवत नाही, आणि म्हणून तेच आधी हरवतात.

आता ही फोल्डरं मी वेगळी केली आहेत. तक्रारीचं एक, आणि आपल्या रोजच्या जगण्याचं एक. दुसरं अजून लहान आहे. तुमच्या घरी जुनी व्हीएचएस कॅसेट, सीडी, एखादी विसरलेली हार्डडिस्क असेल, आणि तिच्यावर गावातला उरूस, शाळेचं गॅदरिंग, केबलवर दाखवलेला स्थानिक मुशायरा असं काही असेल, तर बुरशी लागायच्या आत उतरवून घ्या. जमत नसेल तर जमणाऱ्या पोराला बसवा. माझा भाचा आता हे काम माझ्यापेक्षा भराभर करतो. परवा त्याने एक फाइल पाठवली. नावात वाहिनी, तारीख, वेळ होती आणि शेवटी “कापलेली” हा शब्द होता.